नावं तेवढी बदलली आहेत

म्बिताच्या बाजारात अपोंदीचं दोर-जाळ्यांचं दुकान आणि सेलिनचं केस विणायचं दुकान यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत तेवढी होती. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की अपोंदी वेण्या घालून घ्यायला सेलिनकडे जाऊन बसे. सेलिनची बोटं चपळ आणि जीभ त्याहून चपळ. फोन आरशाला टेकवून ठेवायची आणि वेणी घालता घालता त्यावरचं काहीबाही मोठ्यानं वाचून दाखवायची. कोणा मंत्र्याची भानगड, कोणा गायिकेचं मोडलेलं लग्न, काहीच नसलं तर राशिभविष्य.

"अदोयोच्या आई, आज काय वाचते ते ऐक," ती त्या दिवशी म्हणाली. "किसुमूचा कोणीतरी ब्लॉग लिहितोय. दर शुक्रवारी एक तुकडा टाकतो. भावानं भावाला मारलं त्याची गोष्ट. आणि मारणारा स्वतःच सांगतोय, बाई!"

"रचलेली असेल."

"छे गं. वरच लिहिलंय बघ, 'ही खरी गोष्ट आहे. नावं तेवढी बदलली आहेत.'"

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. गोष्टीतला 'मी' आणि त्याचा थोरला भाऊ मामाच्या मातीला बेटावर निघाले होते. हिरवी होडी, एका कानाची पाळी फाटलेला म्हातारा नावाडी. सोबत साखरेचं पोतं आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. होडीत लाइफ जॅकेट एकच, ते थोरल्याच्या अंगात. निम्म्या वाटेवर वारा फिरला.

अपोंदी आधी नुसतीच ऐकत होती. मातीला जाणाऱ्या होड्या काय, रोजच जातात. पण सेलिन पुढं वाचत गेली.

"'भावानं बूट भिजू नयेत म्हणून काढले, नाड्यांची गाठ मारली आणि गळ्यात अडकवले.' बघ, किती बारीक लिहिलंय! हे कोणाला मनानं सुचतं का? घडलेलंच असणार."

 तिच्या नवऱ्याला, ओबोन्योला, पाण्यातून काढला तेव्हा बूट त्याच्या गळ्यातच होते. भिजून आवळलेली ती गाठ तिनं स्वतःच्या दातांनी सोडवली होती. सेलिन बाजारात नवी. अपोंदीचा नवरा लोल्वे सरोवरानं नेला एवढंच तिला माहीत, आणि म्बितात लोल्वेनं नेलेल्या नवऱ्यांच्या बायका काही कमी नाहीत.

"'मी त्याच्या खांद्यावरचा पट्टा सोडवला,'" सेलिन वाचत होती. "'तो माझ्याकडे बघत होता. मी जॅकेट ओढून घेतलं.' मेल्याचे हात झडोत! सख्ख्या भावाचं!"

अपोंदी उठलीच.

"अगं, डोकं अर्धंच झालंय!"

"दुकान उघडं टाकून आलेय मी," अपोंदी म्हणाली आणि अर्ध्या विणलेल्या केसांनिशी बाहेर पडली.

दोराच्या वेटोळ्यांमागे बसून तिनं तो ब्लॉग स्वतःच्या फोनवर शोधला. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. ओबोन्योचा धाकटा भाऊ क्लेमंट किसुमूच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होता, आणि त्या होडीतून जिवंत आलेली माणसं दोनच, तो आणि नावाडी न्यांग्वेसो. न्यांग्वेसोला सही येत नव्हती.

तिनं सगळे तुकडे एका बैठकीत वाचले. मधे एकजण गळ मागायला आला, त्याला तिनं गळांऐवजी सुतळी दिली. प्रत्येक तुकड्याखाली लोकांनी लिहिलेलं होतं. कोणी लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या, कोणी त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, कोणी पुढचा भाग कधी म्हणून हट्ट धरला होता. एकानं विचारलं होतं, "हे सगळं बनावट तर नाही ना?" त्याखाली लिहिणाऱ्याचं उत्तर होतं, "शब्द न् शब्द खरा आहे."

ओबोन्यो जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं. क्लेमंट काठाला लागला तेव्हा जॅकेट त्याच्या अंगात होतं, हे साऱ्या गावानं पाहिलं होतं. तो एल्डोरेटला मावशीकडे वाढलेला, डोंगरातला, पाण्याला घाबरणारा. जॅकेट पहिल्यापासून त्याच्याच अंगात असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यानंही कधी नाही म्हटलं नव्हतं.

आता अपोंदी एकेक गोष्ट उलटी करून बघू लागली. ओबोन्योच्या मातीच्या दिवशी क्लेमंटनं तिच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. तेव्हा तिला ते दुःख वाटलं होतं. थोरला गेला की धाकट्यानं भावजयीशी संसार मांडून त्याचं घर धरायचं, ही रीत. वडीलधाऱ्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनीच्या मनात असेल तसं." तिनं नको म्हटलं तेव्हा त्यानं सुटल्यासारखा श्वास टाकला होता. तेव्हा तिला तो सभ्यपणा वाटला होता. दर सुट्टीत येऊन अदोयोचा अभ्यास घ्यायचा, दुकानाचं छप्पर नीट करून द्यायचा, जेवायला मात्र थांबायचा नाही. भावाच्या ताटात जेवायला हात वळत नसेल का मेल्याचा?

तिनं फोन लावला.

"क्लेमंट, मी वाचलं."

पलीकडे शाळेचा गलबला होता. "काय वाचलं, वहिनी?"

"बुटांचं."

गलबला मागे पडला; तो वर्गाबाहेर आला असावा. तो म्हणाला, "वहिनी, ती गोष्ट आहे. गोष्टीतला 'मी' म्हणजे लिहिणारा नसतो. मुलांना पहिल्या तासाला हेच शिकवतो मी."

"मला नको शिकवू. वर काय लिहिलंयस तू? खरी गोष्ट म्हणून?"

"तसं लिहिलं की लोक वाचतात."

"म्हणजे लोकांना सांगायचं खरी आणि मला सांगायचं खोटी. यातलं कोणाला फसवतोयस तू?"

"वहिनी, तू इकडे ये. नाहीतर मी येतो. फोनवर नको."

फोनवर नको, हे शब्द तिच्या मनात काट्यासारखे रुतले. ज्याच्या मनात काही नाही त्याला फोन चालतो.

ती किसुमूला गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मोटरसायकलवर मागे बसली आणि पूल ओलांडून रुसिंगाच्या किनाऱ्यावर न्यांग्वेसोकडे गेली. म्हातारा होडी उपडी घालून तिच्या फटींत कापूस ठोकत होता. होडी आता निळी होती. अपोंदीला बघून त्यानं हातोडा खाली ठेवला, पण उठला नाही.

"ये सूनबाई. बस. सावली नाही इथं, पण बस."

"काका, क्लेमंटचा फोन आला होता ना?"

तिनं अंधारात दगड मारला होता. म्हाताऱ्यानं फाटकी पाळी चोळली. "आला होता. कालच."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वहिनी येईल. विचारील ते सांग."

"विचारीन ते, की त्यानं पढवलंय ते?"

"सूनबाई," म्हातारा तिखट झाला, "मी मासे विकतो. जीभ नाही विकत."

"मग सांगा. जॅकेट कोणाच्या अंगात होतं?"

"ओबोन्योच्या."

तिला वाटलं होतं की तो आढेवेढे घेईल. तो एवढा सरळ बोलला की तिचाच पुढचा प्रश्न अडकला. म्हातारा पाण्याकडे बघत बोलत राहिला.

"होडी भरायला लागली तसा मी साखरेचं पोतं फेकलं, कोंबड्या फेकल्या. धाकटा फळीला मिठी मारून बसला होता, लहान पोरासारखा. ओबोन्योनं जॅकेट काढलं न् त्याच्या डोक्यातून घातलं. तो नको नको करत होता. पण हात वर केलेन् त्यानं, हेही खरं. आपणहून वर केलेन्."

"आणि तुम्ही हे आज सांगताय?"

"मला विचारलं कोणी? पोलिसांनी विचारलं, किती माणसं होती. पाद्र्यानं विचारलं, शेवटी देवाचं नाव घेतलं का. तू विचारलंस, निघताना जेवला होता का." त्यानं कापसाची वात बोटांत वळली. "आणि खोटं कशाला बोलू, भीती होती. होडीत एकच जॅकेट, हे बोललो असतो तर होडी गेली असती माझी."

अपोंदी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. खरं बोलणाऱ्या माणसाचं तोंड कसं असतं, हे तिला कधी माहीत होतं असं वाटत होतं. आता ते आठवेना.

"काही बोलला का तो?"

"बोलला की. खेकसलाच भावावर. म्हणाला, 'घाल गुपचूप. अपोंदी माझ्याशिवाय दुकान चालवील. तुला माझ्याशिवाय चहासुद्धा उकळता येत नाही.'"

अपोंदी उपड्या होडीला टेकून खालीच बसली. आधी तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. असा कसा परस्पर हिशोब करून टाकला यानं? दुकान चालवील म्हणे! विचारलंस का मला? पोर झोपेत बाबा म्हणून हाक मारते तेव्हा ते कोणी चालवायचं? तिच्या भरवशावर तो माणूस खुशाल मरून गेला होता, आणि हे तिला तिसऱ्या वर्षी एका नावाड्याकडून कळत होतं.

म्हाताऱ्यानं तिला भाजलेला मासा आणि थंड कुऑन देऊ केला. मक्याच्या पिठाचा तो गोळा तिनं हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

संशय एकदा घरात शिरला की खाट टाकून बसतो. परतीच्या वाटेवरच तिच्या मनानं पलटी खाल्ली. वाक्य तर अगदी ओबोन्योचं होतं. पण क्लेमंटला काय, ओबोन्योचं बोलणं ठाऊक नव्हतं? वाक्यं रचायची हाच त्याचा धंदा. त्यानंच म्हाताऱ्याला ते पढवलं असेल तर? शब्द न् शब्द खरा आहे, असं त्यानं शेकडो लोकांना धडधडीत सांगितलंच होतं. एकदा खोटं लिहिलेला माणूस दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही कशावरून?

शनिवारी तिनं अदोयोला सेलिनकडे सोपवलं आणि सकाळच्या फेरीबोटीत चढली. बोट काठापासून सुटली की आजही तिचे हात दांडीला घट्ट चिकटत. पलीकडे उतरून मटाटू गाडीत बसली आणि दुपारी किसुमूला पोचली.

क्लेमंट शाळेमागच्या दोन खोल्यांत राहायचा. त्यानं दार उघडलं तेव्हा तो वाळलेला वाटला.

"बस वहिनी. काही घेतेस?"

"काही नको. न्यांग्वेसोला भेटून आलेय."

"माहीत आहे."

"सगळंच तुला आधी माहीत असतं. म्हणून तर विश्वास बसत नाही."

 त्यानं टेबलावरचा लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे वाच. कोणाला दिसत नाही आता. लपवून ठेवलंय."

तोच ब्लॉग होता, दोन वर्षांपूर्वीचा. एकच छोटा मजकूर. त्यात ओबोन्योनं जॅकेट काढून भावाला घातलं होतं. म्हातारा बोलला होता तसंच, पण कोरडं, पोलिसात दिलेल्या जबानीसारखं. बूट नव्हते, कोंबड्या नव्हत्या. खाली फक्त दोघांनी लिहिलं होतं. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, "सोयीची गोष्ट आहे. मेलेला माणूस साक्षीला येत नाही."

"त्या एका ओळीवर मी महिनाभर झोपलो नाही," क्लेमंट म्हणाला. "घरी सांगितलं असतं तरी सगळे हेच म्हणाले असते. वाचला आणि वर भावाला देव करतोय. मग एकदा बसलो आणि उलटं लिहिलं. मी ओढून घेतलं असं. आणि सगळ्यांनी मान्य केलं, वहिनी! एकानं पुरावा मागितला नाही. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीसुद्धा विश्वास ठेवला."

"म्हणून खून केलास भावाचा? लोक वाचतात म्हणून?"

"लोक वाचतात, ते आवडत होतं. नाही कशाला म्हणू. इथं कोणाला विचारावं लागत नाही. संपादक नाही, छापखाना नाही. मनात आलं, बोट दाबलं, शंभर माणसं समोर." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पण तेवढंच नाही. त्यानं दिलं नसतं तर मी ओढून घेतलं असतं. मला माहीत आहे ते. हात माझे वरच होते. म्हणून मला ते खोटं वाटत नव्हतं."

अपोंदीनं लॅपटॉप मिटला. मनाशी ठरवून आलेला प्रश्न तिनं आता विचारला. म्हाताऱ्यानं सांगितलेलं वाक्य तिनं अजून ओठाबाहेर काढलं नव्हतं.

"जॅकेट घालताना तो काय म्हणाला?"

"म्हणाला, घाल गुपचूप."

"पुढे?"

"पुढे बोलला काहीतरी. तुझं नाव घेतलं. वारा होता, कानात पाणी होतं. ऐकू नाही आलं." त्यानं कान चोळला. "तीन वर्षं मी तेच ऐकायचा प्रयत्न करतोय. शेवटचं बोलला तो, माझ्याशी बोलला, आणि मला ऐकू नाही आलं. गोष्टीत मी त्याला गप्पच ठेवलाय. त्याच्या तोंडी घालायला मला काही सुचेना."

त्यानं घडाघडा ते वाक्य म्हणून दाखवलं असतं तर ती तिथूनच परत फिरली असती.  मग तिनं ते त्याला सांगितलं. दुकानाचंही आणि चहाचंही.

क्लेमंटनं आधी नुसते डोळे मिचकावले. मग त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की रडू, हे पहिल्यांदा कळेना. मग तो टेबलावर डोकं टेकून पोरासारखा हमसून हमसून रडला, आणि मधेच म्हणाला, "उकळता येतो. आता येतो मला." अपोंदीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण उठलीही नाही. असं रडू कोणाला लिहून आणता येत नाही, एवढं तिला कळत होतं.

तो शांत झाल्यावर ती म्हणाली, "आता ऐक. तुझ्या मनात तू काय केलं असतंस ते तुझ्यापाशी ठेव. माझी मुलगी वाचायला शिकलीय. उद्या ती बूट वाचील आणि ओळखील. ती गोष्ट काढ. घडलं तसं लिही. आणि नावं बदलू नकोस."

"कोणी विश्वास ठेवणार नाही, वहिनी."

"नको ठेवू देत. मी त्यांच्यासाठी सांगत नाहीये."

पुढच्या शुक्रवारी नवा मजकूर आला. ओबोन्योचं नाव होतं, क्लेमंटचं होतं, न्यांग्वेसोचंही होतं. म्हाताऱ्यानं होकार दिला होता, आता होडीत चार जॅकेटं आहेत तेही लिही म्हणाला होता. अपोंदीनं दुकानात उभ्या उभ्याच वाचलं. बरोबर होतं. बूट, साखर, वर केलेले हात, सगळं. चहाच्या वाक्यानंतर मात्र लिहिलं होतं, "आणि माझा भाऊ हसला."

तिनं लगेच फोन लावला. "हसला होता तो?"

क्लेमंट अडखळला. "माहीत नाही. मी डोळे मिटले होते. लिहिता लिहिता आलं."

"काढ ते."

"वहिनी, चार शब्द आहेत."

"काढ म्हणते ना."

तिनं फोन हातात धरून ठेवला आणि ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. काही वेळानं ते चार शब्द तिथं नव्हते.

खाली लोक लिहू लागले होते. वाचणारे निम्म्यावर आले होते आणि जे होते ते चिडलेले होते. "पहिलीच खरी होती. ही वकिलानं लिहून दिलेली दिसते," एकजण म्हणत होता. दुसरा म्हणत होता, "घाबरला शेवटी. पोलिस आले असतील दारात." एका बाईनं चहाचं वाक्य आवडल्याचं लिहिलं होतं आणि पुढं जोडलं होतं, "पण मरताना असं कोणी बोलत नाही."

संध्याकाळी पत्र्याच्या भिंतीपलीकडून सेलिन आली. दारातच उभी राहिली. तिच्या हातात फोन होता.

"अदोयोच्या आई, ते तुमचं होतं? आणि मी तुझ्याच डोक्यावर बसून वाचत होते? थांबवलं का नाहीस मला?"

"थांबवलं असतं तर कळलं नसतं."

सेलिन आत येऊन दोराच्या वेटोळ्यावर बसली. गप्प बसणं तिला जमत नसे. "रागावू नकोस हं. तू म्हणतेस तर हीच खरी. पण आधीची जास्त खरी वाटत होती गं."

"असेल," अपोंदी म्हणाली आणि दुकानाच्या फळ्या लावायला उठली.

त्या सुट्टीत क्लेमंट आला तेव्हा तिनं त्याचं पान वाढलं आणि तो जेवायला बसला. अदोयोला तिनं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, ब्लॉगवर वाचू दिलं नाही. क्लेमंट आता दुसरंच काही लिहितो, शाळेतल्या गमतीजमती, आणि वर 'काल्पनिक' असं मोठ्या अक्षरात टाकतो. पण ओबोन्योचं ते पान तसंच आहे. अपोंदी अजूनही दर शुक्रवारी दुकान उघडल्यावर आधी ते उघडते आणि पहिल्या ओळीपासून वाचत जाते, मधे कुठं नवा शब्द शिरला नाही ना, हे बघायला.